मळ्याचं नाव वेलीला

लॅटिनमध्ये द्राक्षाच्या वेलीला 'वितिस' म्हणत. त्याच्या मुळाशी पिळणं, वाकवणं आहे. मळ्याचा शब्द वेगळा, 'विनेआ'. तो वाइनवरून आलेला. इटालियनमध्ये दोघांचेही वंशज सुखाने नांदतात. फ्रेंचमध्ये मात्र मळ्याच्या शब्दाने वेलीचा शब्द गिळला. तिथे आता वेलही 'विन्य' आणि मळाही 'विन्य'. बिचारा 'वितिस' उरला तो स्क्रूचं नाव होऊन.

हे मी वाचलं ते रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत बसून. पोफळींवर मिरवेली चढवायच्या, संध्याकाळी नेट असेल तर पोर्तुगीज शिकवायचं. गावात मला 'बागेतली सून' म्हणतात. माझं नाव चार घरांनाही सांगता येणार नाही. त्या फ्रेंच वेलीचा मला राग यायचा, कारण ती मीच होते.

याच शब्दांचा वर्षभर अभ्यास करायला लिस्बनच्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. नवरा मुंबईत नोकरीला. फोनवर म्हणाला, "बाबा काय म्हणतात बघ." बाबा म्हणजे माझे सासरे, सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ते म्हणाले, "देवाक विचारूया." सरळ 'नाही' कुणीच म्हणेना. गोड बोलणाऱ्यांशी भांडणार तरी कसं?

आमच्याकडे विहिरीपासून लग्नापर्यंत सगळ्याला ग्रामदेवतेचा कौल लागतो. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी गाऱ्हाणं घातलं.

उजवी पडली. मला रडूच आलं.

"पाकळी नीट भिजली नव्हती," बाबा म्हणाले. "परत लाव."

परत उजवीच पडली. गुरव माझ्याकडे बघून हसला.

"परत लाव."

या वेळी मात्र डावी पडली. बाबांनी घाईघाईने हात जोडले. "देवाची मर्जी."

माझा तोल गेला. "बाबा, देव दोनदा जा म्हणाला. नको तुम्ही म्हणताय."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. गुरव खाली बघत पाकळ्या गोळा करू लागला. बाबांनी जोडलेले हात सोडले.

"होय, मीच म्हणतंय," ते म्हणाले. "माका एकटा ऱ्हवाची भीती वाटता गो."

भांडायला मला माणूस हवा होता. तो मिळाला, आणि मला भांडता येईना. त्याच संध्याकाळी मी लिस्बनला नकार कळवला.