खतीजाभाभींचं लगेज

दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमधून कोणी प्रवासाला निघालं, की आधी ते खतीजाभाभींपासून लपवतात. "दोन किलो जागा आहे का गं?" असं त्या इतक्या गोड विचारतात, की नाही म्हणवत नाही. दोन किलो म्हणजे खजूर नव्हे, पुस्तकं. तीही फ्रेंच.

भाभी मूळच्या रत्नागिरीच्या. शाळेत फ्रेंच शिकवतात, आणि हॉलमधल्या सोफ्यामागे त्यांचं प्रकाशन चालतं. पॅरिसच्या नामवंतांकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. जिथे फ्रेंच बोलणारे मूठभर आणि बाकी सगळं गाव इंग्रजी, तिथल्या लेखकांवर त्यांचा जीव. "आपल्या कोकणीचं तरी वेगळं काय आहे?" म्हणतात. घरात त्या कोकणीत विचारतात, मुलगी मुनिबा इंग्लिशमध्ये उत्तर देते. आईच्या हाताखाली फ्रेंच शिकली, पण सोफ्यामागचं एक पुस्तक कधी उघडलं नाही. पुस्तकं मात्र वाढली आणि सोफा टीव्हीला जाऊन भिडला. भाभींचे नवरे हमदुल्लाभाई नोकरीच्या गावाहून, फुजैराहून सुट्टीला आले, की मान वर करून बातम्या बघतात.

आम्ही मॉरिशसला निघालो, तेव्हा पुस्तकांना जागा करायला भाभींनी माझ्या बॅगेतला लाडवांचा डबा स्वतःच्या हाताने बाहेर काढला होता. "लाडू काय, कुठेही मिळतात."

या ऑगस्टमध्ये मुनिबा शिकायला कॅनडाला निघाली. भाभींची नवी लेखिका, एक निवृत्त शिक्षिका, नेमकी मुनिबाच्या कॉलेजच्या गावची. तिथे तिच्या पहिल्या पुस्तकाचा समारंभ ठरला होता आणि सगळ्या प्रती मुनिबाच्या बॅगेत होत्या. भाभी महिनाभर हवेत होत्या.

एअरपोर्टवर बॅग चार किलो जास्त भरली. मी मनात म्हटलं, गेला मसाला.

भाभी खाली बसल्या, बॅग उघडली आणि एकेक पुस्तक माझ्या हातात देऊ लागल्या. मसाला, आमसुलं, तांदळाचं पीठ जागच्या जागी.

"भाभी, अहो, समारंभाचं काय?"

"पोर तिकडे खाईल काय?" माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. एरवी मी खूप चिडवलं असतं.

मुनिबाने बॅगेतून थंडीचा जाडजूड कोट ओढून काढला आणि अंगात चढवला. चपला काढून बर्फातले बूट घातले. मग माझ्याकडची पुस्तकं घेऊन परत भरली, एक सोडून.

"दिस वन इज फॉर द फ्लाइट, मम्मी. यल्ला, क्लोज इट."

लेक घामाने निथळत होती. भाभींनी चेन लावली.

"त्यावर चहा सांडू नको," त्या म्हणाल्या, आणि मग मात्र रडल्या.