साहेब खोटं बोलत नाहीत

माझा नवरा गुजरातमधल्या नंदेसरीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कंपनीचं पेन चुकून खिशातून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी आठवणीने परत नेणारा माणूस. भर दुपारी सुनसान चौकातही लाल दिव्याला थांबायचा. मी हसायचे, पण मनातून मला त्याचा अभिमान होता. आपण चांगली माणसं आहोत, असं मी धरूनच चालले होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात कारखान्यात ॲसिडच्या पाइपाचा सांधा उडाला आणि एका कामगाराचा उजवा हात भाजला. चौकशी झाली. संध्याकाळी चहा पिताना नवरा म्हणाला, "त्याने हातमोजे घातले नव्हते, असं सांगितलं मी."

"मग नव्हतेच घातले ना?"

"होते. फाटके होते. नवे द्या म्हणून तो मागे लागला होता. वरून सांगितलं, की आपल्यावर येऊ द्यायचं नाही."

मी कप उचलले आणि भाजी चिरायला बसले.

पुढच्या आठवड्यात रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात दवाखान्याची पिशवी. "साहेब घेर छे, बेन?" साहेब घरी आहेत का, असं तिने गुजरातीत विचारलं. त्या कामगाराची बायको आहे, असं तिने सांगितलं. आतून नवऱ्याने मला हाताने खूण केली, नाही म्हणून सांग. त्याला तसं करताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला त्याच्याकडे बघवेना.

"छे ने," आहेत ना, मी म्हणाले. "आवो, बेसो."

तो बाहेर आला आणि उभाच राहिला. ही भांडायला आली असणार, असं आम्हा दोघांना वाटलं होतं. पण तिचा आवाज चढला नाही. ती गुजरातीत सांगू लागली, "साहेब, ते आधी म्हणायचे, मी मोजे घातले होते. पण तुम्ही नव्हते म्हणालात, हे कळल्यापासून म्हणतात, साहेब कधी खोटं बोलत नाहीत, मीच विसरलो असेन. हात माझ्याच चुकीने गेला, असं म्हणून रडत बसतात. तुम्ही एकदा समजावा ना. माणसाकडून चूक होते, जीवाला लावून घेऊ नका म्हणावं. तुमचं ऐकतील."

इतकी वर्षं परत केलेली पेनं, लाल दिवे, सगळं त्या एका खोट्याच्या पाठीशी उभं राहिलं होतं. दुसरा कुणी बोलला असता तर त्या माणसाने स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला असता.

"पहेर्या हता," नवरा शेवटी म्हणाला. "मोजे घातले होते त्याने. फाटलेले होते. मी खोटं बोललो."

बाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुम्हाला माहीत होतं का, असं तिने विचारलं नाही. माझी मान आपोआप खाली गेली. मी पुढे केलेलं पाणी तिने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जबानी बदलली. घरी येऊन मला सांगितलं. मी म्हणाले, "आणि नोकरीचं काय?" 'बरं केलंत' हे शब्द तोंडात यायच्या आधी हे आले. तो बूट काढता काढता थांबला. म्हणाला, "तूच तर दार उघडलंस." यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नोकरी गेलीच. हल्ली तो मकरपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जातो. ही हकिकत नातेवाइकांत पसरली ती मधला भाग गाळून. हळदीकुंकवाला बायका म्हणतात, "तुमच्या मिस्टरांसारखी माणसं आता राहिली नाहीत हो." नवरा घरी असला तर उठून गॅलरीत जातो. मी वाटीत हरभरे घालत राहते.

कामगाराच्या उपचाराचा भार शेवटी कंपनीने उचलला. त्याची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. नवरा महिन्यातून एकदा त्याला भेटून येतो. त्यांचं काय बोलणं होतं, ते सांगत नाही. मी एकदा एकटीच निघाले होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले, तर ती बाई ओट्यावर कपडे वाळत घालताना दिसली. तिने मला पाहिलं की नाही, कोण जाणे. मी स्कूटर तिथूनच वळवली.