दिवसाआड गोळी

बाइंडिंगवाल्या मावशींना माहेरी सगळे धांदलबाई म्हणत. कपाळावर चढवलेला चष्मा त्या घरभर शोधायच्या. आईचे धपाटे झाले, शाळेतले शेरे झाले, सासूचे टोमणे तर न मागता मिळत. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हा वेंधळेपणा नाही, लक्ष न टिकण्याचा आजार आहे आणि त्याला गोळी आहे. मावशी तिथेच रडल्या. एवढी वर्षं उगाच बोलणी खाल्ली म्हणायची!

पहिल्या गोळीच्या दिवशी त्यांनी चहा गरम असताना संपवला. नवरा बघतच राहिला.

पण महिन्याच्या गोळ्यांना आठवड्याची कमाई जायची. मावशींनी शक्कल लढवली. पानं शिवायच्या दिवशी गोळी, नुसतं चिकटवायच्या दिवशी सुट्टी. कुणाला सांगितलं नाही. आणि अशाच एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी वाचनालयाच्या शब्दकोशाला पुठ्ठा उलटा चढवला.

वाचनालयातल्या बाई कडक. "मावशी, पुढची चाळीस पुस्तकं तुम्हालाच द्यायची होती. आता कशी देऊ?"

"शनिवारपर्यंत सरळ करून आणते. मग ठरवा," मावशी कशाबशा म्हणाल्या.

औषधाच्या दुकानदाराने मागेच सुचवलं होतं, "हेच औषध दुसऱ्या कंपनीचं तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळतं. डॉक्टरांना विचारा."

"दादा, स्वस्त गोंदाची पुस्तकं मी रोज उसवते. मला नको सांगू," मावशींनी त्याला उडवून लावलं होतं.

घरी त्या पुठ्ठा सोडवायला बसल्या. नवऱ्याने चिडवलं, "अगं, पुठ्ठ्याबरोबर शब्दही गेले वाटतं?"

"शब्दांना काय धाड भरलीय? पुठ्ठा बदलला म्हणून आतलं बदलतं का?" मावशी फणकारल्या, आणि त्यांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कंपनी दुसरी असली तरी औषध तेच आहे, चालेल. फरक वाटला तर लगेच या. पण परवडत नाही हे मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," मावशी म्हणाल्या. खरंच वाटली होती.

शनिवारी शब्दकोश सरळ होऊन वाचनालयात पोचला. बाईंनी पुठ्ठा निरखला, कोपरे दाबले, मध्येच पुस्तक उघडलं. आत जुन्या महागड्या गोळ्यांचं रिकामं पाकीट! खूण म्हणून ठेवलेलं, काढायचं राहिलेलं. मावशी मनात म्हणाल्या, गेली चाळीस पुस्तकं!

बाई पाकिटावरची किंमत बघत राहिल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या लेकीचीही हीच गोळी. दिवसाआड देते. घरात कुणाला माहीत नाही."

मावशींनी खुर्ची ओढली आणि दुकानदाराने सांगितलेलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, सगळं न विसरता सांगितलं. "पण आधी डॉक्टरांना विचारा हं. आणि लाजू नका."

बाईंनी डोळे पुसले, शिपायाला हाक मारली आणि चाळीस पुस्तकं मावशींच्या घरी पोचवायला सांगितली. पाकीट मात्र, मागे स्वस्त गोळीचं नाव लिहून, त्यांनी आपल्या पर्समध्ये ठेवलं.