सासूबाईंची अट

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. घरीही तेच. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीखाली एकही चुणी राहू द्यायची नाही, कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची. नवरा गेला तरी त्यात खंड पडला नाही. खंड पडला तो भलतीकडेच. प्रार्थनेला डोळे मिटले की आत काहीच हलत नसे. दुःखसुद्धा नाही. कोऱ्या भिंतीकडे बघत बसल्यासारखं.

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, भाकरीच्या तुकड्यांचं ताट आलं की ती काही न घेता ते शेजारणीकडे सरकवी. बायकांना वाटे, केवढी नम्र! "हिची स्वर्गातली जागा पक्की," त्या म्हणत. तिला ते कुणा दुसरीविषयी चाललंय असं वाटे.

एका दुपारी चर्चचे पाळकसाहेब सासूबाईंना प्रभुभोजन द्यायला घरी आले. म्हातारीनं कितीतरी दिवस त्याचा ध्यास घेतला होता. पण तुकडा ओठांशी आला आणि तिनं तोंड घट्ट मिटलं.

"आधी हिला."

"मी नंतर घेईन, आई."

"नंतर म्हणजे? मी गेल्यावर? चर्चमध्ये ताट सरकवतेस ते बायका येऊन सांगतात मला. पाय गेलेत, कान नाही गेले."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझा विश्वास उरलेला नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली. "आईंचं सगळं माझे हात करतात. मला काही वाटत नाही. खोटं कशाला खाऊ?"

"तारण देवाच्या कृपेनं मिळतं," पाळकसाहेबांनी सुरुवात केली, "आपल्या कर्मांनी नव्हे..."

"ते रविवारी सांगा हो," सासूबाई म्हणाल्या. "माझा विश्वास डोंगराएवढा, पण पडून आहे तेव्हापासून कुणाला पाण्याचा पेला दिला नाही. हिची कर्मं ढीगभर, विश्वासाच्या नावानं ठणठणाट. दोघी मिळून जेमतेम एक बाई भरेल. हिला सोडून मी एकटी कुठं जाऊ?"

पाळकसाहेबांना हसू आलं. मग म्हणाले, "विश्वास म्हणजे काही वाटणंच असं नाही, बाई. हात पुढे करणं हाही विश्वासच. रिकामा असला तरी."

"आणि रिकामाच परत आला तर?"

"कसा येईल? त्यावर तुकडा ठेवायला मी इथंच बसलोय ना."

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. म्हातारीचे ओठ पुन्हा घट्ट मिटलेले होते. तिनं हात पुढे केला. तुकडा कोरडा होता, बेचव. डोळ्यांत पाणी नाही, अंगावर काटा नाही. मग दुसरा तुकडा तिनं बारीक केला, द्राक्षरसाच्या प्याल्यात भिजवून सासूबाईंच्या तोंडात घातला आणि घसा हलेपर्यंत मान धरून ठेवली.

"काही वाटलं?" सासूबाईंनी विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. नाही.

"बरं. पण गिळ तरी. गालात धरून बसलीयेस कधीची."

तिनं गिळला.