मुक्यांच्या थडग्यातली जागा

सैन्यात जाईपर्यंत फाबियान मार्दुलिचला कुणी आडनावाने हाक मारली नव्हती. मारून उपयोगही नव्हता. बेटाच्या मागच्या अंगाला असलेल्या त्याच्या गावात पाद्री, मास्तर आणि एक सुतार सोडला तर सगळेच मार्दुलिच. माणसं ओळखली जायची ती घराण्याच्या टोपणनावाने. कुणी खेकड्यांचा, कुणी वारेवाल्यांचा, कुणी तिखटांचा. फाबियान मुक्यांचा. त्याच्या घरात कधी कुणी मुकं नव्हतं, आणि खेकडेही चांगले सरळ चालत. ही नावं का पडली ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

सैन्यातल्या पहिल्या हजेरीला अंमलदार ‘मार्दुलिच’ म्हणून ओरडत राहिला आणि फाबियान मजेत समुद्राकडे बघत उभा राहिला. त्याची शिक्षा त्याने निमूट भोगली. पुढे स्प्लिट शहरातल्या गोदीत जहाजांचे पत्रे जोडताना ते आडनाव त्याच्या अंगवळणी पडलं, पण पुरतं नाहीच. हाक आली की तो अर्धाच वळायचा. आपल्याला नसेल, असं त्याला वाटत राहायचं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो गावी परतला. ती गेली, तो राहिला. द्राक्षाचे दोन वाफे, काही ऑलिव्हची झाडं, एक होडी. लग्न राहून गेलं. दोघी बहिणींपैकी एक तिखटांकडे दिली होती, दुसरी वारेवाल्यांकडे. आडनाव तेच राहिलं, घराणं मात्र बदललं. म्हणजे मुके फाबियानपाशी संपत होते, आणि हे त्याच्यासकट सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्याला स्वतःच्या मरणाची तशी भीती नव्हती. धास्ती होती ती थडग्याची. दफनभूमीतल्या सगळ्या शिळांवर एकच आडनाव. खाली बापाच्या नावाने ‘दिवंगत आंतेचे’ किंवा ‘दिवंगत माटेचे’ एवढाच फरक. ज्या शिळेला वाली उरत नाही ती पंचायत काही वर्षांनी दुसऱ्याला देते, आणि तो पहिल्यांदा काय करतो, तर जुनी अक्षरं तासून काढतो. फाबियानने हे गोदीतून परतल्यापासून दोनदा पाहिलं होतं. आपल्यामागे आपल्या शिळेवरचं शेवाळ कोण खरवडणार, हा प्रश्न दर रविवारी प्रार्थनेनंतर त्याच्यासोबत घरी यायचा आणि जेवणाच्या टेबलावर समोर बसायचा.

आडनावाची काळजी करायचं मात्र कारण नव्हतं. धक्क्यावरच्या दिंकाच्या कॅफेत एक भिंतच मार्दुलिचांच्या फोटोंनी भरली होती. स्प्लिटचा एक गोलरक्षक. ब्युनोस आयर्सची एक गायिका. एक मंत्री, ज्याचा फोटो सरकार बदललं की स्वयंपाकघरात जायचा आणि पुन्हा बदललं की बाहेर यायचा. आणि चिलीतल्या पुंता अरेनासचा हृदयाचा डॉक्टर, हेक्टर मार्दुलिच. प्रत्येक फोटोखाली एकच वाद, हा कुणाचा? गोलरक्षकाचा निकाल त्याच्या कानांवरून लागला होता. तसे कान वारेवाल्यांचेच. डॉक्टरचा निकाल लागत नव्हता.

डॉक्टरचा आजा येर्को, आंतेचा मुलगा, इथून चिलीला गेला. पण त्या वेळी गावात येर्को दोन होते. थोरल्या नातवाला आज्याचंच नाव द्यायचं, या चालीमुळे तीच ती नावं फिरत राहत. एक येर्को मुक्यांचा, एक खेकड्यांचा. दोघांचे बाप आंते, दोघं एकाच वर्षी जन्मलेले. पारपत्र काढलं होतं मुक्यांच्या येर्कोने. मुके म्हणत, तोच गेला, आणि खेकड्यांचा येर्को गलबतावर चढून कुठेतरी बुडाला. खेकडे म्हणत, मुक्यांच्या येर्कोचं धक्क्यावरच अवसान गळालं. त्याने कागद मित्राच्या हातात कोंबला, स्वतः लाजेने दुसऱ्याच एका गलबतावर चढला आणि तो बुडाला. कागदावरचं नाव, बाप, वय दोघांनाही चपखल बसत होतं. अधिकारी काय ओळखणार? त्या दोघांशिवाय धक्क्यावर तिसरं कुणी नव्हतं.

हा वाद फाबियानने आयुष्यभर मनापासून घातला. डॉक्टर आमचा, असं तो टेबलावर मूठ आपटून सांगायचा. दिंका खेकड्यांची, त्याच्याच वयाची, जिभेला धार. ती त्याच्या वाइनमध्ये जरा जास्तच पाणी ओतून म्हणायची, “तुमच्यातला कुणी एवढ्या लांब गेला असता होय? तू स्प्लिटहून रडत परत आलास.”

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टर वारला आणि त्याची मुलगी एमिलिया त्याची राख घेऊन गावात उतरली. आज्याच्या माणसांत ठेवा, एवढंच तो सांगून गेला होता. कुठली माणसं, ते त्यालाही माहीत नसावं.

एमिलिया पन्नाशीची, शांत बाई. तिने तोंड उघडलं आणि फाबियान गोंधळून गेला. ती बोलत होती ती भाषा गावात आता कुणी बोलत नव्हतं. पणजोबाने चिलीला नेलेली, तिथेच जपून ठेवलेली बोली. ‘दार’ला, ‘पाऊस’ला तिने वापरलेले शब्द त्याने आजीनंतर ऐकले नव्हते. ही आपलीच, असं त्याला वाटून गेलं. मग लक्षात आलं, की खेकड्यांची आजीही असंच बोलायची. सगळं गावच असं बोलायचं.

स्प्लिटच्या कुणीतरी तिला रक्त तपासायचा सल्ला दिला होता. पाद्री हसला. तीनशे वर्षं ही घराणी एकमेकांत लग्नं करत आलेली. दिंकाची आजीच मुक्यांकडून आलेली. तपासणीत सगळेच सगळ्यांचे निघाले असते.

रविवारी प्रार्थना संपल्यावर गाव दफनभूमीत जमलं. दोन्ही शिळा शेजारीशेजारीच. दिंकाने आपली शिळा आदल्या दिवशीच धुऊन घेतली होती, आणि तिचा मुलगा पहार घेऊन तयार होता. फाबियानही पहार घेऊन आला होता, पण ती त्याने कुंपणाशी टेकवून ठेवली होती. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

एमिलियाने आधी दिंकाला विचारलं. दिंकाने सगळी हकिगत सांगितली, मध्ये न थांबता, पारपत्र कुठल्या हातातून कुठल्या हातात गेलं इथपर्यंत. मग एमिलिया फाबियानकडे वळली. “बार्बा, तुम्ही सांगा. माझे बाबा तुमचे का?”

बार्बा. गावातले तरुण वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. तिच्या तोंडून ते निराळं वाटलं. हो म्हणायचं, एवढंच करायचं होतं. मुक्यांच्या शिळेवर एक नवं नाव कोरलं गेलं असतं, दर दोनचार वर्षांनी चिलीहून कुणी आलं असतं, आणि अक्षरं तासायची कुणाची छाती झाली नसती. आयुष्यभर तो हेच तर म्हणत आला होता. पण आता कुणीतरी खरोखर विचारत होतं, आणि त्याला कळेना, की आपल्याला हे माहीत आहे की नुसतं हवं आहे. आजीने सांगितलं म्हणून खरं. आजीला तरी कुणी सांगितलं? जितकं जास्त हवंसं वाटावं तितकं ते उत्तर संशयास्पद वाटू लागलं.

“माझी आजी आमचा म्हणायची,” तो म्हणाला. “मला माहीत नाही, पोरी.” मग जरा वेळाने, “आमच्यात माझ्यामागे कुणी नाही. यांच्यात पोरंबाळं आहेत. दिवा लावतील. यांच्यातच ठेव.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. दिंकाने मुलाला खूण केली. तिच्या मुलाने शिळेच्या लोखंडी कड्यात पहार घातली.

एमिलिया दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली. फाबियानने तिला सुक्या अंजिरांची माळ दिली, तिने त्याला मिठी मारली, आणि घरी आल्यावर तो बराच वेळ चूल न पेटवता बसून राहिला. आपण खरं बोललो, की आपल्याच रक्ताच्या माणसाला परक्याच्या दारात ठेवून आलो? दोन्ही एकाच वेळी खरं वाटे. कॅफेत जाणं त्याने सोडलं. डॉक्टरच्या फोटोखाली आता वाद होत नव्हता, असं कानावर आलं.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी तो बादली, ब्रश आणि शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत गेला. दिंका आणि तिची सून त्याच्या आधी येऊन बसल्या होत्या, आणि सून गुडघ्यांवर वाकून मुक्यांच्या शिळेवरचं शेवाळ घासत होती.

“हे काय चाललंय?” फाबियानने विचारलं.

दिंका उठली नाही. “तू त्या दिवशी माहीत नाही म्हणालास ना? मला रात्ररात्र झोप नाही. समजा, तो तुमचाच असेल. मग त्याची पणजी इथे खाली पडून आमच्या नावाने बोटं मोडत असणार, पणतू पळवला म्हणून. तिचा रोष कोण घेणार? मी सुनेला सांगितलंय, दर वर्षी दोन्ही शिळा घासायच्या. माझ्यामागेही. नक्की काय ते कळेपर्यंत.”

“कळणार कसं?”

“मला काय विचारतोस?”

सुनेने ओल्या हातांनी अक्षरांच्या खाचा मोकळ्या केल्या. फाबियान बादली हातात धरून उभा राहिला. आभार मानावेत, की माझ्या शिळेला हात लावू नका म्हणावं, त्याला सुचेना. माहीत नाही, हे आपलं खरंखुरं उत्तर होतं. पण उद्या हिची खात्री पटली, की डॉक्टर खेकड्यांचाच, तर मुक्यांची शिळा कोण घासणार? त्याने बादली खाली ठेवली, घसा खाकरला.

“तो आमचाच आहे, दिंका,” तो म्हणाला. “पारपत्र आमच्या येर्कोचं होतं.”

“लागलास पुन्हा,” दिंका म्हणाली, आणि ब्रशसाठी हात पुढे केला.