कुसाबाईंचा अर्धा दिवस

सायखेड्याच्या शिवारात रात्री एखादी बॅटरी हलताना दिसली, की लोक ओळखायचे, कुसाबाई पाणी भरताहेत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी रात्रीचंच पाणी भरलं. विहीर दोन भावांत सामाईक. सासऱ्यांनी पाळ्या ठरवल्या तेव्हा कुसाबाईंचे मालक म्हणाले होते, "वाल्मीक लहान आहे, दिवस त्याला द्या, रात्र मी घेतो." मालक गेले, तरी बाईंनी तो शब्द मोडला नाही. थंडीत चिखल तुडवला, बिबट्याचा माग पाहिला, पण पाळी चुकवली नाही.

मग वीजकनेक्शन नसलेल्या शेतकऱ्यांसाठी सौर पंपाची योजना आली. विहिरीवरचं वीजकनेक्शन दीर वाल्मीकच्या नावावर, म्हणून बाई योजनेत बसल्या. अर्ज मंजूर झाला. आपला दहा टक्के हिस्सा त्यांनी कांद्याच्या पैशातून भरून टाकला. बाकीचं अनुदान.

"आता लाइटीची वाट पाहणं बंद," असं त्या दारोदार सांगून आल्या.

पॅनेल कुठे बसवायचं ते विचारायला त्यांनी मोटारी दुरुस्त करणाऱ्या महेबूबला विहिरीवर नेलं. त्याने जागा पाहिली आणि डोकं खाजवलं.

"काकी, पाळी तुमची रात्रीची ना?"

"मग?"

"हा पंप उन्हावर चालतो."

कुसाबाई कठड्यावर बसल्या. इतकी वर्षं रात्रच आपली मानलेली. दिवस आपला नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यात विहीर सामाईक, म्हणजे वाल्मीकचं संमतीपत्र हवं. चार दिवसांनी पाहणीला माणूस येणार. सही नसेल तर पंप नाही.

वाल्मीकला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "वहिनी, चांदण्यावर चालवा आता!"

तिसऱ्या दिवशी कुसाबाई त्याच्या खळ्यावर गेल्या. तो कांदा निवडत होता. त्याही शेजारी बसून निवडू लागल्या.

"भाऊजी, ज्या आठवड्याला रात्रीची लाइट असती, तवा तुमचा दिवस काय करतो?"

"कोरडा जातो. काय करनार?"

"माझ्या पंपाचं पाणी घ्या. बारा वाजेपर्यंत तुमच्या वाफ्यात, बारानंतर माझ्या. रोज. लाइट असो, नसो."

"म्हंजे माझा अर्धा दिवस गेला."

"अर्धा जातो, पण रोज येतो."

वाल्मीकने एक सडका कांदा लांब फेकला. "सकाळचं ऊन कवळं असतं. पंप दमानं चालनार. लय हुशार हायेत तुमी!"

"मग आठवड्याला बदलू. एक आठवडा सकाळ तुमची, एक आठवडा माझी."

"अन् रात्र?"

"रात्र तुमच्या भावानं तुमच्यापायी घेतली होती. आता ती कुणालाच नको."

वाल्मीकने हातातला कांदा चांगल्या ढिगात टाकला. मग हात धोतराला पुसून म्हणाला, "आणा कागद."

पौषात पंप बसला. पहिला आठवडा, सकाळ वाल्मीकची. बारा वाजायला अवकाश होता, तरी कुसाबाई फावडं घेऊन बांधावर हजर.

"अजून अर्धा तास हाय, वहिनी!" तो वाफ्यातून ओरडला.

"असू द्या," कुसाबाई पाय पसरत म्हणाल्या. "मी ऊन खात बसलेय."