अर्धं शटर आणि मन्मथकाका

कसं सांगू तुम्हाला, सांगताना अजून घाम फुटतो! उदगीरच्या मोंढ्यातले धान्याचे सौदे एकदा भर दुपारी बंद पडले. संपामुळे नाही, पावसामुळे नाही. माझ्यामुळे!

मी तेव्हा दिल्लीहून नुकती परतले होते. लहानपणापासून वसतिगृहात वाढले, पुढे समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, आणि आपल्या गावातल्या माणसांचं आयुष्य बदलायचं असा निर्धार करूनच गाडीत बसले. गावाला विचारायचं राहिलं, एवढंच.

पहिलं गिऱ्हाईक घरातच सापडलं. मन्मथकाका. पन्नाशीला टेकलेले, मोंढ्यात आमच्या आडतीच्या गादीवर बसून शेतकऱ्यांचा माल विकून देणारे. पण जीव सगळा चुलीपाशी. कुणाचंही लग्न असो, काका मांडवात दिसायचे नाहीत, आचाऱ्याशेजारी बसून आमटीची चव बघत असायचे. लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या पोरांकरता मेस काढावी, हे त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. काकी तयार होत्या. अडलं होतं ते फक्त अप्पांपाशी. अप्पा म्हणजे माझे आजोबा. ऐंशीचे, आणि अजूनही रोज दुकानात येणारे.

"मग सांगा ना अप्पांना," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं सांगू? आडत्याचं पोरगं लोकांच्या भाकऱ्या थापणार म्हणल्यावर अप्पा आठ दिवस जेवायचे न्हाईत."

"काका, अर्धं आयुष्य भीतीत गेलं. उरलेलं तरी तुमचं आहे!"

काकांनी लगेच काकींना हाक मारली. शेवटी ठरलं. ते आणि काकी सकाळच्या एस.टी.नं लातूरला जाऊन जागा बघणार, दुपारी परतणार, आणि सगळ्यांसमोर अप्पांना सांगणार.

"तोवर दुकानातली तयारी माझ्यावर सोडा," मी म्हटलं. आणि त्यांनी सोडली! माणूस किती भोळा असावा?

आम्हाला शिकवलं होतं की बदलाच्या वेळी जुन्या स्वतःला सन्मानानं निरोप द्यावा. मी काकांचा तरुणपणीचा फोटो शोधला. गादीवर पांढरी चादर घातली. फोटो मधोमध ठेवला, समई लावली. आणि सन्मान म्हटल्यावर हार नको का? शेवंतीचा घातला. मग वाटलं, अर्धं आयुष्य सरलं, अर्धं उरलं, हे दिसायला हवं. म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. स्वतःच्या कल्पकतेवर मी इतकी खूश होते की काय सांगू!

आता तुम्ही मोंढ्यातले असाल तर एव्हाना कपाळावर हात मारला असेल. मी मोंढ्यात जन्मले, पण वाढले बाहेर. चालत्या बाजारात दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की त्या घरात माणूस गेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी बाजारही थांबतो. मला सोडून सगळ्यांना ठाऊक!

मी मात्र रिक्षा करून अप्पांना आणायला घरी गेले. चेहरा गंभीर ठेवला, प्रसंगच तसा होता.

"अप्पा, दुकानात चला. काकांचं आहे."

"काय झालं मन्मथला?"

"तिथं गेल्यावर सांगते. मन घट्ट करा."

आमच्याकडे वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणसाला आधी गाडीत बसवतात. अप्पांनी आयुष्यात कितीतरी जणांना असंच बसवलं असेल. चप्पल घालताना त्यांचा पाय चुकला. मला वाटलं, वय झालंय.

मोंढ्यात पोचलो तर सगळं शांत. सौदा थांबलेला. हमाल पोत्यांवर मान खाली घालून बसलेले. आमच्या दुकानात दाटीवाटीनं माणसं. मी हरखले! काकांच्या नव्या आयुष्यासाठी अख्खा मोंढा जमला होता! कुणी सांगितलं असेल, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

शेजारचे आडते शिवराजअण्णा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, मन्मथला कधी आणणार?"

"येतीलच. दुपारच्या गाडीनं."

"कोणत्या गाडीनं?"

"एस.टी.नं."

अण्णा पांढरे पडले. "एस.टी.नं?"

"हो. काकीच घेऊन येतायत."

अण्णा खांबाला टेकले. मला वाटलं, ऊन लागलं.

मग मी गर्दीला म्हटलं, "काकांबद्दल सगळ्यांनी दोन शब्द बोला." (हसा, हसा.)

हमालांचे मुकादम रज्जाकमामू उठले. "मन्मथभाऊ लई दिलदार माणूस. ईदला आमच्या घरी यायचा, आन् शिरखुर्मा कसा करायचा ते आमच्या बायकांनाच शिकवायचा." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

अण्णा म्हणाले, "त्याचं मन पोत्यात नव्हतंच कधी. लातूरला मेस काढायची म्हणायचा. पण अप्पांना दुखवायचं न्हाई, म्हणून गप बसला. मनात ठेवूनच गेला बिचारा."

गेला?

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी फोटोकडे पाहिलं. हार. समई. पांढरी चादर. मग अप्पांकडे पाहिलं. ते गादीच्या कोपऱ्यात बसले होते, नजर फोटोवर, हात मांडीवर उताणे पडलेले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी घाईघाईनं समई विझवायला वाकले.

तेवढ्यात बाहेर किंकाळी उठली. शटरखालून वाकून काका आत आले, मागोमाग काकी! गर्दी मागं सरली, रज्जाकमामू "या अल्ला!" म्हणून खालीच बसले. पण काकांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी लांबूनच अर्धं शटर पाहिलं होतं, आणि आमच्या घरात जाण्याच्या वयाचं एकच माणूस होतं.

"अप्पा!" काका दारातच कोसळले. "सांगायचंच राहिलं हो! लातूरला जागा बघून आलो. मेस काढायची होती. इतकी वर्षं धीरच झाला न्हाई, आज सांगणार होतो. आता कुणाला सांगू?"

गर्दीतून आवाज आला, "मला सांग की. मी हितंच हाय."

काकांनी मान वर केली. अप्पा उठून आले होते. त्यांनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. पुन्हा कपाळ. मग फोटोचा हार काढून त्यांनी बाजूला ठेवला.

"तू मेस काढणार म्हणून मला कळलं असतं तर मी भांडलो असतो," अप्पा म्हणाले. "लई भांडलो असतो. पण आत्ता मी तुला पार वर पाठवून बसलो होतो बाबा. त्याच्यापेक्षा लातूर जवळ हाय. जा."

"आन् आडत?"

"ते मागून बघू. आधी शटर वर कर."

काका रडत रडत हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी काकांचं मनगट धरलं होतं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायले. मी कोपऱ्यात उभी होते. माफी मागायची म्हटलं, तर माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

जाताना अण्णा थांबले. "पोरी, शिक्षण कुठं झालं म्हणलीस?"

"दिल्लीला."

"तिथं माणसं मरत न्हाईत का?"

काकांची मेस आता लातूरला जोरात चालते. माझं समुपदेशन केंद्रही उघडं आहे, पण तिथं कुणी फिरकत नाही. लोकांनी मला सल्ला विचारणंच सोडलंय. परवा किराणा दुकानात साखर घ्यायला गेले. मी पायरी चढते ना चढते, तोच शेजारचा दुकानदार धावत आला आणि आत डोकावून म्हणाला, "शेठ, तब्येत बरी हाय ना?"

आणि शेठनं उत्तर द्यायच्या आधी स्वतःची नाडी बघितली.